नागीण कशाची खबर देते?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्या डॉक्टरांचा दवाखाना कामगार वस्तीत होता, म्हणून विषयही मी तिथलाच घेतला आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाच्या अंगात हर्पिस कुळातले विषाणू कसे डोके वर काढतात आणि आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात ते ओळखायला उशीर का होतो, याविषयी मला बोलायचे आहे. यातले काही शब्द चारचौघांत उच्चारायची आपल्याला सवय नाही. आज ते उच्चारावे लागतील. आयाबहिणींनी संकोचून उठू नये, कारण या आजाराचा मोठा भार त्यांनीच मुकाट्याने वाहिला आहे.

हा विषय या गावाला परका नाही. पिंपरीचे नाव देशाच्या औषधांच्या इतिहासात गेले ते १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळे, तिथल्या पेनिसिलिनमुळे. आणि भोसरीच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेडांच्या शेजारी, १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. आता तिचे नाव बदलले आहे, पण लोक अजून 'नारी'च म्हणतात. ज्या रस्त्याने आपण रोज कामाला जातो, त्या रस्त्यावर जगाला उपयोगी पडलेले संशोधन झाले आहे. ते इथल्याच माणसांचे रक्त तपासून झाले. त्यातून निघालेले शहाणपण परत त्यांच्यापर्यंत किती पोचले, हा माझ्या मनातला खरा प्रश्न आहे.

आधी या कुळाची ओळख करून घेऊ. माणसाला जडणारे हर्पिस कुळातले विषाणू आठ आहेत. सहाव्याचे दोन भेद वेगळे मोजले तर नऊ. ओठावर तापाच्या फोड्या उठवणारा एक, जननेंद्रियांवर फोड आणणारा दुसरा. कांजिण्या आणि नागीण ही दोन्ही एकाच, तिसऱ्या विषाणूची कामे. मग एप्स्टाइन-बार, सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही, आणि आणखी काही. या सगळ्यांची एक खोड सारखी आहे: एकदा अंगात शिरले की ते जन्मभर जात नाहीत. कुणी मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो, कुणी रक्तातल्या पेशींत. या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात यातले तीन-चार तरी आत्ता, या क्षणी आहेत. माझ्याही आहेत. आपली प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते, म्हणून आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही.

एचआयव्ही नेमका या प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशींवर घाव घालतो. निरोगी माणसाच्या घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. या संख्येला रुग्ण आणि समुपदेशक नुसते 'काउंट' म्हणतात. काउंट उतरत गेला की दडलेले विषाणू एकेक करून उठतात, आणि कोण कधी उठेल याला बराचसा क्रम असतो. नागीण लवकर उठते, काउंट बऱ्यापैकी असतानाही. सीएमव्ही शेवटी उठतो, काउंट पन्नासच्या खाली गेल्यावर. या दोन टोकांच्या मध्ये कितीतरी वर्षे असू शकतात. आपल्या पट्ट्यात ती वाया जातात.

नागिणीविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण ती सर्वांना माहीत आहे आणि तिच्याविषयीचे गैरसमजही सर्वांना माहीत आहेत. कमरेला नागीण निघाली आणि तिचे तोंड व शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून ती पुढे सरकण्याआधी उतरवून घ्यायची, गेरूचा लेप लावायचा, मंत्र टाकणाऱ्याकडे जायचे. मी या समजाला हसत नाही. नागिणीची आग ज्याने सोसली आहे, अंगावर सदरा टेकला तरी ज्याचा जीव कळवळला आहे, तो कुठेही जाईल. पण शरीराची रचनाच अशी आहे की साध्या नागिणीची दोन टोके मिळतच नाहीत. कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या एखाद्या गाठीत झोपलेला असतो. तो जागा झाला की त्याच गाठीतून निघणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच अंगाला असतो. पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेशी संपतो. फोडांचा पट्टाही तिथेच थांबतो. मंत्राने थांबली असे जिच्याविषयी वाटते, ती नागीण आपल्या हद्दीशी येऊन थांबलेली असते.

साठीच्या पुढे नागीण निघाली तर वयाचा भाग म्हणून सोडून देता येते. मधुमेहात, कर्करोगाच्या उपचारांत, स्टिरॉइड चालू असतानाही ती निघते. पण सव्वीस वर्षांचा, अंगाने धडधाकट दिसणारा, प्रेस शॉपवर काम करणारा तरुण छातीवर नागीण घेऊन येतो तेव्हा डॉक्टरने थांबून विचार केला पाहिजे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची एकत्रित औषधे, येण्यापूर्वी अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात एचआयव्ही असलेल्या तरुणांत नागिणीचे प्रमाण इतरांच्या सुमारे पंधरा पट आढळले होते. फोड एकाऐवजी दोन-तीन पट्ट्यांत उठले असतील, काळे पडून खोल व्रण राहिले असतील, किंवा वर्षा-दोन वर्षांत नागीण पुन्हा आली असेल, तर संशय आणखी बळावतो. नागीण आलेल्या प्रत्येकाला एचआयव्ही असतो असे नव्हे, बहुतेकांना नसतोच. हे मी मुद्दाम दोनदा सांगतो: बहुतेकांना नसतो. पण तरुण माणसाला नागीण आली की एचआयव्हीची तपासणी सुचवायची, हा नियम मात्र पक्का असला पाहिजे. सुचवायची म्हणजे त्याला बसवून, समजावून, त्याच्या संमतीने. रक्ताच्या इतर तपासण्यांत गुपचूप एक घालून नव्हे.

आता प्रत्यक्षात काय घडते ते बघा. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी इथल्या खोल्यांत पाच-सहा पोरे मिळून राहतात. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली. ठेकेदाराकडे नोकरी, पाळी आठवड्याला बदलणारी, खाडा झाला की पगार कापला. फोड उठले की पहिले दोन दिवस अंगावर काढायचे. मग औषधाच्या दुकानातून मलम. मग खोलीतला कुणीतरी म्हणतो, ही नागीण आहे, गावाकडे जाऊन उतरवून ये. गावाकडे जाऊन येईपर्यंत आठवडा जातो. नागिणीवर असायक्लोविरच्या गोळ्या आहेत, स्वस्त आहेत, आणि फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर सर्वांत चांगल्या लागू पडतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला उशीर झाला तरी त्या द्याव्याच लागतात. कपाळावर, डोळ्याभोवती, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील तर डोळा धोक्यात असतो. अशा माणसाने त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. अँटिबायोटिकचा कोर्स नागिणीवर चालत नाही. ज्या पिंपरीत पेनिसिलिन तयार झाले तिथल्या माणसांना तरी हे ठाऊक हवे, पण अजून तो कोर्स लिहून दिला जातो आणि माझा जीव तुटतो.

असायक्लोविर हे औषध ज्या संशोधनातून निघाले त्यामागे गर्ट्रूड एलियन या बाई होत्या. त्यांना १९८८ साली दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळाले. या औषधाची करामत अशी की ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय असते. विषाणूचे स्वतःचे विकर त्याला जागे करते आणि मग तेच विषाणूची वाढ रोखते. म्हणून ते इतके सुरक्षित आहे. इतके साधे, इतके स्वस्त औषध असताना त्या पोराने आठ दिवस तळमळत काढावेत, याला कारण औषधाची टंचाई नाही.

जननेंद्रियांवरच्या हर्पिसकडे वळतो. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत नारीच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे रुग्णांचा पाठपुरावा केला. त्यातून १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा एक निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. वेश्याव्यवसायात नसलेल्या, बहुतांशी लग्नाच्या नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या ज्या स्त्रिया त्या दवाखान्यांत आल्या, त्यांच्यात १३.६ टक्क्यांना एचआयव्हीची लागण आढळली. घर सोडून कुठे न गेलेल्या बायका. सुरुवातीला आयाबहिणींना थांबा म्हणालो, ते याचसाठी. मग २००३ साली त्याच दवाखान्यांतल्या रुग्णांवरचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना जननेंद्रियांच्या हर्पिसची लागण नुकतीच झाली होती त्यांना एचआयव्ही जडण्याचा धोका, ती लागण नसलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ पावणेचार पट निघाला. कारण समजायला अवघड नाही. हर्पिसच्या फोडामुळे कातडी फुटते, आणि त्या जागी एचआयव्हीला हव्या असलेल्या पेशीच गोळा होतात.

मग हर्पिस दाबला तर एचआयव्हीही रोखता येईल, अशी आशा जगभरच्या डॉक्टरांना वाटली. असायक्लोविर रोज देऊन मोठे प्रयोग झाले. २००८ आणि २०१० साली त्यांचे निष्कर्ष आले: लागण रोखली गेली नाही. चांगली वाटणारी कल्पना खोटी ठरली तेव्हा ती तशी छापली गेली, याचे मला मोल वाटते. त्यातून मिळालेला व्यवहारातला धडा एवढाच की निरोध आणि एचआयव्हीची औषधे यांना असायक्लोविर हा पर्याय नाही. मात्र जननेंद्रियांवर किंवा गुदद्वारापाशी जखम होऊन ती महिनाभर भरत नसेल, तर ती एचआयव्ही पुढच्या टप्प्यात गेल्याची खूण धरली जाते. असा रुग्ण मूळव्याधीच्या जाहिराती वाचून फिरत असतो.

आता डोळ्यांचे बोलतो, आणि यावर जरा जास्त वेळ घेणार आहे.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची हकिकत छापून आली. एड्सविषयी वैद्यकात लिहिलेले ते पहिले टिपण. त्या पाचही जणांत सीएमव्हीची लागण आढळली होती. म्हणजे एचआयव्हीचा शोध लागण्याआधी, एड्सला नाव मिळण्याआधी सीएमव्ही त्या पानावर हजर आहे. औषधे नव्हती त्या काळात एड्सच्या रुग्णांत आंधळेपणाचे हे मोठे कारण होते.

हा विषाणू डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर बसतो आणि ते कडेने जाळत आत सरकतो. दुखत नाही. डोळा लाल होत नाही. सुरुवातीला डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात, जाळे आल्यासारखे वाटते, कधी बाजूने प्रकाश चमकतो. पुष्कळदा काहीच होत नाही. दुखले असते तर माणूस आला असता. तो चष्म्याच्या दुकानात जातो, नंबर काढून घेतो, नाइटच्या जागरणाने होत असेल म्हणतो. एक डोळा गेल्याचे कधी कधी दुसरा झाकल्यावरच कळते, आणि जळालेले दृष्टिपटल पुन्हा येत नाही. सीएनसी यंत्रावर मापे घेणाऱ्या, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या, कंटेनर हाकणाऱ्या माणसाची नजर जाणे म्हणजे काय, हे या सभेला समजावून सांगायला नको.

हा आजार ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब, एक इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप आणि तो वापरायला शिकलेला माणूस, एवढे पुरते. तपासणीला काही मिनिटे लागतात. काउंट शंभराच्या खाली असलेल्या प्रत्येकाचे डोळे, तक्रार असो वा नसो, असे तपासले पाहिजेत. आजार सापडला तर गॅन्सिक्लोविर हे औषध डोळ्यात इंजेक्शनने किंवा शिरेतून देतात, आणि पोटातून घ्यायला व्हॅलगॅन्सिक्लोविरच्या गोळ्या आहेत. सुरुवातीला दोन-तीन आठवडे दिवसातून दोनदा, मग काउंट शंभराच्या वर जाऊन काही महिने तिथे टिकेपर्यंत रोज एकदा.

या गोळीची एक कथा आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २००७ साली भारतात या औषधाचे पेटंट रॉश या कंपनीला मिळाले. औषध जुन्या गॅन्सिक्लोविरचेच, पोटात नीट शोषले जाईल असे रूप होते, आणि किंमत सामान्य माणसाने विचारूही नये अशी. याविरुद्ध हरकत घ्यायला कोण उभे राहिले? एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटना. ज्यांना शेजारी पाणी द्यायला कचरत होते, ज्यांची स्वतःची दृष्टी पणाला लागली होती, ती माणसे पेटंट कचेरीत कायद्याची कलमे मांडत होती. २०१० साली ते पेटंट रद्द झाले. २०१३ साली रॉशने आंतरराष्ट्रीय मेडिसिन्स पेटंट पूलशी करार करून अनेक देशांसाठी किंमत बरीच उतरवली. आज या औषधाची भारतीय बनावटीची गोळी मिळते, त्यात त्या माणसांचा वाटा आहे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. निदान त्यांनी काय केले हे ठाऊक असावे. तरीही पूर्ण कोर्सचा खर्च कंत्राटी कामगाराच्या पगाराला झेपणारा नाही. हे औषध एआरटीच्या गोळ्यांसारखे हमखास, फुकट हातात पडले पाहिजे.

बाकीच्यांचे थोडक्यात सांगतो. जिभेच्या कडेला पांढऱ्या, खरवडून न निघणाऱ्या रेघा दिसल्या तर ते एप्स्टाइन-बारचे काम असते. त्रास देत नाही, पण दाताच्या डॉक्टरांनी ती खूण ओळखावी. आठवा विषाणू, १९९४ साली सापडलेला, कापोसी सार्कोमा नावाचा कर्करोग करतो. आफ्रिकेत त्याने थैमान घातले. आपल्याकडे तो विषाणूच कमी असल्याने हा कर्करोग विरळा दिसतो.

या सगळ्या विषाणूंवर खरा इलाज एकच: एचआयव्हीची औषधे वेळेवर सुरू करून ती न चुकता घेणे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे फुकट द्यायला सुरुवात केली. पूर्वी काउंट ठरावीक आकड्याच्या खाली जाईपर्यंत थांबावे लागे. २०१७ पासून निदान झाले की लगेच सुरू. गोळी बहुधा रोज एकच. विषाणूचे प्रमाण तपासणीत दिसेनासे झाले आणि तसेच राहिले तर जोडीदाराला संभोगातून लागणही होत नाही. पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. एक सूचना मात्र देतो: गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत नागीण निघू शकते, डोळ्यालाही सूज येऊ शकते. प्रतिकारशक्ती परतताना दडलेल्या विषाणूंशी तिची झटापट होते. 'गोळ्यांनी उलटेच झाले' म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. केंद्रात जाऊन दाखवायचे.

२०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि महाराष्ट्रात ३ लाख ९४ हजार, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. औषध फुकट, केंद्र जवळ. तरी माणसे पन्नासचा काउंट घेऊन का येतात? माझ्या मते याचे उत्तर वैद्यकात नाही, नोकरीच्या कागदात आहे. कायम कामगाराला ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, आधार आहे. त्यातला वाढीव आजारलाभ पगाराच्या ८० टक्के मिळतो आणि त्या आजारांच्या यादीत एड्स आहे. पण अट अशी की सलग दोन वर्षांची नोकरी हवी. ज्याला ठेकेदार दर काही महिन्यांनी ब्रेक देतो त्याची दोन वर्षे कधी भरायची? तो मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयाच्या दारात उभा राहिला तरी त्याच्या हाती हा लाभ पडत नाही. शिवाय कंपनीत कळले तर गेटवरून परत पाठवतील ही भीती. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्याआधी एचआयव्हीची तपासणी मागणे त्याने बंद केले, एचआयव्ही आहे म्हणून काढून टाकणे हा भेदभाव ठरवला, आणि शंभर किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितले. चाकणच्या किती गेटांवर त्या अधिकाऱ्याचे नाव लावलेले आहे? युनियनच्या मंडळींनी उद्या सकाळी हे पाहावे. कामगारांच्या बाजूने याहून सोपा लढा मला सुचत नाही.

इथे महापालिकेचे लोक आहेत, कंपन्यांचे वैद्यकीय अधिकारी आहेत, माझे दवाखानेवाले मित्र आहेत. माझी मागणी लहान आहे. पन्नाशीच्या आत नागीण आलेल्या प्रत्येक माणसाला एचआयव्ही तपासणी सुचवावी आणि आयसीटीसीची, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्राची, चिठ्ठी हातात द्यावी. एआरटी केंद्रात काउंट शंभराच्या खाली निघाला की त्याच आठवड्यात बाहुली मोठी करून डोळे तपासावेत. त्या तपासणीसाठी ठेकेदाराने दिवसाचा पगार कापू नये. आणि ज्याला या सभागृहातल्या कुणालाही काही विचारायचा धीर होत नाही त्याने १०९७ या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट आहे, आणि पलीकडचा माणूस तुमचे नाव विचारण्याआधी तुमचे म्हणणे ऐकतो.